दर शनिवारी अपडेट टाकतो तरी म्हणतात कर्नल जुना आहे, नक्की बघायचं काय?

शाईचं_बोट | रविवार, २ मार्च २०२५, रात्री १०:४१

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो की मी कंप्युटरवाला नाही. सांगलीत काकांचा छापखाना आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं असली कामं, आणि दुकानात जे जे वायरीला लटकलंय ते सगळं माझ्या गळ्यात. एका जुन्या डेस्कटॉपवर उबंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) टाकून सर्व्हर केलाय, डिझाइनच्या सगळ्या फायली त्यावर /डेटा फोल्डरात, डीटीपीची तीन विंडोज मशीनं सांबातनं (नेटवर्कवर फायली वाटून देणारा प्रोग्रॅम) त्याला जोडलेली. शिवाय गिऱ्हाइकांना बाहेरून पीडीएफ टाकता यावी म्हणून एक छोटं पेज आहे तेपण त्याच्यावरच चालतं.

आता झालंय असं की एका पतसंस्थेचं पासबुकं छापायचं काम मिळतंय, त्यांनी त्यांचा ऑडिटवाला पाठवला. त्याने कसलं तरी टूल चालवलं आणि कागद हातात दिला, त्यात लाल अक्षरात की कर्नल (म्हणजे लिनक्सचा गाभा) ५.१५ हा २०२१ चा आहे, कालबाह्य आहे, ६.८ वर जा. मी म्हटलं साहेब, दर शनिवारी दुपारी मशीनचे रोलर धुवायला घेतले की इकडे मी न चुकता अपडेट टाकतो, एक शनिवार चुकवलेला नाही. तर म्हणतो ते मला माहीत नाही, कागदावर लाल आहे.

मी करतो काय तर आधी सुडो एपीटी-गेट अपडेट आणि मग सुडो एपीटी-गेट अपग्रेड. (मोबाइलवरून मराठी कीबोर्डवर टाइप करतोय म्हणून कमांडी पण मराठीत, सांभाळून घ्या.) शेवटी ‘केप्ट बॅक’ असं काहीतरी येतं, पण एरर नसते म्हणून मी कधी लक्ष दिलं नाही.

तर हा माणूस म्हणतो ते खरं का? ६.८ टाकायचा तर मार्च एंडची बिलबुकं आणि लग्नसराई एकदम अंगावर असताना टाकू का? मशीन एक नंबर चाललंय, अपटाइम (बंद न होता सलग चालू) ४१२ दिवस आहे, हे जरा अभिमानानेच सांगतोय.

रूटकॅनॉल | रात्री ११:०५

ऑडिटवाल्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

५.१५ हा आकडा बघून कर्नल जुना ठरवणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. ५.१५ मूळ बाहेर आला ऑक्टोबर २०२१ मध्ये हे खरं, पण उबंटू २२.०४ ला तोच कर्नल शेवटपर्यंत ठेवतात, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत, आणि नव्या कर्नलमध्ये जी भोकं बुजवली जातात त्यांचे पॅच मागे आणून याच ५.१५ मध्ये बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात. घराचा नंबर तोच राहतो, आतली गळती काढत राहतात. डेबियन, रेड हॅट सगळे असंच करतात. तुम्ही दर शनिवारी अपडेट टाकता म्हणजे तुमचं काम चोख आहे, ६.८ वर उडी मारायची काही गरज नाही, निवांत पत्रिका छापा.

सुपरयूजर_सुलभा | रात्री ११:२२

रूटकॅनॉल, बॅकपोर्टचं सगळं बरोबर आहे, पण प्रश्नातली शेवटची ओळ वाचली का? ४१२ दिवस अपटाइम.

शाईचं बोट, दोन गोष्टी इथे टाका. एक, युनेम मायनस आर टाइप केल्यावर जे येतं ते पूर्ण, शेपटीसकट. दोन, तुमच्या त्या अपग्रेडच्या शेवटी ‘केप्ट बॅक’च्या पुढे कोणत्या पॅकेजांची नावं येतात ती.

शाईचं_बोट | सोमवार, ३ मार्च, सकाळी ९:५०

ताई हे घ्या. पहिल्याचं उत्तर ५.१५.०-९१-जेनेरिक. दुसऱ्यात लिनक्स-जेनेरिक, लिनक्स-इमेज-जेनेरिक, लिनक्स-हेडर्स-जेनेरिक, अशी तीन नावं. आता आठवतंय, ही तीन नावं मी वर्षभर बघतोय, मला वाटायचं ‘राखून ठेवलंय’ म्हणजे काहीतरी चांगलंच असेल.

सुपरयूजर_सुलभा | सकाळी १०:३०

वाटलंच होतं. सविस्तर लिहिते कारण हे खूप जणांचं होतं, आणि यात तुमची चूक निम्मीच आहे.

उबंटूमध्ये कर्नलचं अपडेट इतर पॅकेजांसारखं येत नाही. ब्राउझरचं अपडेट आलं की जुन्याच्या जागी नवं बसतं, नाव तेच. कर्नलचं प्रत्येक अपडेट म्हणजे नवीन नावाचं वेगळं पॅकेज असतं, ९१ वालं वेगळं, ९२ वालं वेगळं, कारण जुना कर्नल तसाच ठेवायचा असतो, नवा बिघडला तर परत फिरायला. आणि लिनक्स-जेनेरिक हे नुसतं बोट दाखवणारं पॅकेज आहे, सध्याचा ताजा कर्नल कुठला ते सांगणारं. आता एपीटी-गेट अपग्रेड या कमांडचा नियमच असा की आहे ते वाढवायचं पण नवीन नावाचं काही आणायचं नाही. म्हणून तो दर शनिवारी दारापर्यंत येतो, नवं पॅकेज लागतंय म्हणून थबकतो, ‘केप्ट बॅक’ लिहितो आणि परत जातो, आणि एरर काही देत नाही कारण त्याच्या लेखी सगळं नियमाप्रमाणे झालंय. नुसतं एपीटी अपग्रेड लिहिलं असतं, ‘गेट’शिवाय, तर त्याने नवा कर्नल आणला असता. एका शब्दाचा फरक. (केप्ट बॅक दुसऱ्याही एका कारणाने येतं, उबंटू काही अपडेटं टप्प्याटप्प्याने सोडतं तेव्हा, पण ते काही दिवसांत आपोआप सुटतं. तुमचं वर्षभर तसंच आहे म्हणजे ते नाही.)

खरं तर उबंटू सर्व्हरवर अनअटेंडेड-अपग्रेड्स नावाचं प्रकरण मुळातच चालू असतं, ते सुरक्षा अपडेटं, कर्नलसकट, आपोआप टाकतं. तुमच्याकडे कुणीतरी ते बंद केलेलं असणार.

आता तुमचा ९१. तो नोव्हेंबर २०२३ मध्ये बांधलेला आहे. सध्या ही शेपटी १३० च्या पुढे गेलीय. म्हणजे रूटकॅनॉल म्हणतात तसे पॅच मागे आणून बसवले जात होते, फक्त तुमच्या घरापर्यंत ते पोचलेच नाहीत.

शाईचं_बोट | सकाळी ११:१५

अनअटेंडेड बंद आहे खरं. आमच्याकडे एक पोरगा यायचा, सर्व्हर त्यानेच उभा केला, तेव्हा नेट मोजून मिळायचं म्हणून त्याने ते बंद केलं होतं. तो पुण्याला नोकरीला गेला. मागच्या वर्षी संक्रांतीला घरी आला होता तेव्हा शेवटचं सगळं अपडेट करून बंद-चालू करून गेला. ४१२ दिवस मोजले तर बरोबर १५ जानेवारीच येतेय, संक्रांत.

म्हणजे ऑडिटवाला बरोबर?

रूटकॅनॉल | सकाळी ११:४०

चहाचे शब्द मागे घेतो. त्याचं कारण चुकीचं, निदान मात्र बरोबर निघालं. नाडी न बघता ताप सांगितला आणि ताप होता.

सुलभाताई, शेपटी विचारायला हवी होती, घाई केली मी.

हात_लावू_नका | दुपारी १:०२

एक वेगळा आवाज. चालू गाडीला हात लावू नये असं आमचे साहेब म्हणायचे आणि २० वर्षं सर्व्हर सांभाळून मीही त्याच मताचा झालोय. छापखान्यातलं मशीन, राउटरच्या मागे बसलेलं, त्यात पत्रिकांच्या फायली. कोण येतंय हॅक करायला? ही कर्नलची भोकं बहुतेक वेळा ‘लोकल’ असतात, म्हणजे आधी मशीनवर लॉगिन असलेला माणूस लागतो. तुमच्या मशीनवर लॉगिन आहे कुणाचं, तुमचं आणि त्या पुण्याच्या पोराचं. मग भीती कसली.

आणि अपडेटनेच वाट लागल्याची उदाहरणं नाहीत का? डिसेंबर २०२३ मधलंच घ्या. डेबियन १२ च्या नव्या कर्नलमध्ये, ६.१.६४ मध्ये, एक्स्ट४ फाइल सिस्टिमचा डेटा खराब होऊ शकेल असा घोळ सापडला. १२.३ ही आवृत्ती ऐनवेळी थांबवावी लागली, लोकांना सांगावं लागलं की अपडेट करू नका, आणि १० डिसेंबरला थेट १२.४ काढली. ज्याने उत्साहाने त्याच दिवशी अपडेट टाकलं त्याच्या पोटात गोळा, आणि जो माझ्यासारखा आळशी तो निवांत झोपला.

सुपरयूजर_सुलभा | दुपारी २:२०

दादा, डेबियनचं उदाहरण शंभर टक्के खरं आहे. त्यावरून दोन-चार दिवस थांबून टाका इतकं निघतं, चारशे दिवस थांबा असं नाही निघत. आणि तेव्हासुद्धा दुरुस्ती काही दिवसांतच आली, अपडेट म्हणूनच.

आणि ‘लोकल’ या शब्दावर लोक फार विसंबून राहतात. यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की गिऱ्हाइकांना पीडीएफ टाकायला पेज आहे, बाहेरून उघडणारं. ते पेज कुठल्या तरी खात्यावर चालतंच ना, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. त्या अपलोडच्या कोडमध्ये एक चूक असली, पीडीएफच्या नावाखाली कुणी पीएचपी फाइल, म्हणजे प्रोग्रॅम, ढकलली आणि ती चालली, की तो माणूस झाला तुमच्या मशीनवरचा लोकल. एवढ्याने त्याच्या हातात फारसं काही येत नाही, नुसता ओसरीवर आल्यासारखा. ओसरीवरून माजघरात न्यायचं काम कर्नलचं भोक करतं.

नेमकं तुमच्या शेपटीचं सांगते. सीव्हीई-२०२४-१०८६ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या भोकाला दिलेला नंबर). फायरवॉलचे नियम सांभाळणारा कर्नलचा जो भाग आहे, एनएफ-टेबल्स, त्यात मोकळी केलेली मेमरी परत वापरली जायची. जानेवारी २०२४ मध्ये दुरुस्ती आली, मार्चमध्ये एका संशोधकाने ते भोक वापरून साध्या खात्यातून रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण मालक, कसं व्हायचं त्याचा चालता प्रोग्रॅम जाहीर केला, आणि तो ५.१४ ते ६.६ मधल्या बहुतेक कर्नलवर चालतो म्हणून सांगितलं. ३० मे २०२४ ला अमेरिकेच्या सीसाने (सरकारी सायबर सुरक्षा संस्था) ते ‘प्रत्यक्ष वापरात असलेल्या’ भोकांच्या यादीत घातलं. तुमचा ९१ या सगळ्याच्या आधी बांधलेला. दादा, तो प्रोग्रॅम इंटरनेटवर फुकट आहे, चालवायला कुणी हुशार लागत नाही.

रूटकॅनॉल | दुपारी ३:१०

यावरून माझी आवडती गोष्ट सांगतो, विषय सोडून नाही. डर्टी पाइप, सीव्हीई-२०२२-०८४७. जर्मनीतल्या एका होस्टिंग कंपनीत माक्स केलरमान नावाचा प्रोग्रॅमर. गिऱ्हाइकांची तक्रार, की लॉगची डाउनलोड केलेली फाइल उघडत नाही, सीआरसी (फाइल शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) चुकलाय म्हणते. याने फाइल हाताने दुरुस्त केली, तक्रार बंद. काही महिन्यांनी परत तेच. मग परत. हा माणूस चिडून मुळाशी गेला तर दिसलं की दर वेळी फायलीच्या शेवटचे ८ बाइट बिघडतात, बहुतेक महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्याच फायलीचे, आणि त्या जागी जे ८ बाइट येतात ते झिप फायलीच्या यादीच्या सुरुवातीचे असतात. म्हणजे ज्या प्रोसेसला त्या फायलीत लिहायची परवानगीच नाही तिचा मजकूर त्या फायलीत उतरत होता. आपला कोड दहा वेळा तपासल्यावर शेवटी त्याच्या लक्षात आलं की चूक आपली नाही, कर्नलची आहे, ५.८ पासूनची. फक्त वाचायची परवानगी असलेल्या कुठल्याही फायलीत लिहिता येत होतं, पासवर्डच्या फायलीतसुद्धा!

त्याने २० फेब्रुवारी २०२२ ला कर्नलच्या सुरक्षा टीमला कळवलं, २३ तारखेला दुरुस्त कर्नल बाहेर, ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२, आणि ७ मार्चला जाहीर. तीन दिवसांत दुरुस्ती झाली! ती तुमच्या मशीनपर्यंत यायला किती दिवस लागतात ते मात्र तुमच्या शनिवारावर.

(हे भोक तुमच्या ९१ मध्ये बुजलेलं आहे, घाबरू नका. दुसरी आहेत ती पुरेशी आहेत.)

नावाचाच_कर्नल | दुपारी ४:४५

माझं आयडी बघून मला टॅग करणाऱ्यांना सांगतो, मी फौजेतला पण नाही आणि लिनक्समधला पण नाही, गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं नाव आहे.

रीबूट टाळायचं असेल तर उबंटूचं लाइव्हपॅच आहे, चालत्या कर्नललाच टाका घालतं. उबंटू प्रो घ्यावं लागतं, पाच मशीनपर्यंत फुकट आहे. मी घरच्या मशीनवर लावलंय.

आणि एक प्रश्न माझाही, मी सगळं डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये) चालवतो, डब्यांचा साचा म्हणजे इमेज दर आठवड्याला ताजी करतो, मग मला कर्नलची काळजी नाही ना?

सुपरयूजर_सुलभा | संध्याकाळी ६:००

आहे. डॉकरच्या कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतोच, खालच्या मशीनचाच सगळे वाटून घेतात. इमेज कितीही ताजी करा, खाली जुना असेल तर सगळ्यांचा जुना. कंटेनरच्या आत युनेम मारून बघा, बाहेरचाच आकडा येईल.

लाइव्हपॅच चांगलं आहे पण ते गंभीर भोकांपुरतंच असतं, सगळ्या दुरुस्त्या त्यात येत नाहीत. आज रात्रीचा धोका टाळून रीबूट रविवारवर ढकलायला ते आहे, रीबूट कायमचा बंद करायला नाही. यांच्या बाबतीत तर ४१२ दिवस झालेत, रीबूटच करा.

शाईचं_बोट | बुधवार, ५ मार्च, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. धीर करून एपीटी फुल-अपग्रेड मारलं तर मध्येच लटकलं, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. हार्डडिस्क तर अर्धी रिकामी आहे! आता एपीटीला काहीही सांगितलं तरी रडतंय. पोराला फोन लावला तर तो मीटिंगमध्ये.

सुपरयूजर_सुलभा | रात्री ९:४८

/बूट, म्हणजे कर्नल ठेवायची जागा, भरलं असेल. डीएफ मायनस एच /बूट करून बघा.

शाईचं_बोट | रात्री ९:५५

४७० एमबी, १०० टक्के. आत ६०, ७६ आणि ९१ असे तीन कर्नल बसलेत आणि चौथा अर्धवट.

सुपरयूजर_सुलभा | रात्री १०:१०

पोराने /बूट वेगळं आणि तोकडं काढलंय. प्रत्येक कर्नलबरोबर शंभरेक एमबीची इनिटआरडी (मशीन उठताना लागणारी) फाइल असते, म्हणून तीनात घर भरलं.

६० नंबरवाला काढा, डीपीकेजी (पॅकेजं घालणारी-काढणारी कमांड) मायनस मायनस पर्ज करून, लिनक्स-इमेज आणि लिनक्स-मॉड्यूल्स दोन्ही. एक्स्ट्रा मॉड्यूल्सचं पॅकेज वाटेत आलं तर तेही त्याच कमांडमध्ये घ्या. ९१ ला हात लावायचा नाही, तो आत्ता चालतोय. आणि /बूटमध्ये जाऊन हाताने आरएम करायचं नाही, लोक तेच करतात आणि मग डीपीकेजी शोधत बसतो. जागा झाली की एपीटी मायनस मायनस फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल, मग फुल-अपग्रेड परत, आणि शेवटी ऑटोरिमूव्ह, ७६ वाला तेच काढेल.

झाल्यावर /व्हार/रन मध्ये रीबूट-रिक्वायर्ड नावाची फाइल आली का बघा. ती आली की समजायचं नवा कर्नल डिस्कवर बसलाय, पण चालतोय अजून जुनाच.

शाईचं_बोट | रात्री १०:५२

झालं!! फाइल पण आली. युनेम अजून ९१ च म्हणतोय.

रीबूटची मात्र खरंच धास्ती आहे. मागे एकदा लाइट गेली, यूपीएस बसला, तर हे मशीन परत चालूच झालं नव्हतं, दोन तास काम बंद.

हात_लावू_नका | रात्री ११:१५

मी विरोधात असलो तरी करणारच असाल तर नीट करा. मशीनला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून समोर बसा, लांबून करू नका. जुने डेस्कटॉप कीबोर्ड दिसला नाही तर ‘कीबोर्ड नाही, एफ१ दाबा’ म्हणून अडून बसतात, आणि दाबायला कीबोर्डच नसतो. तुमचे ते दोन तास त्यातच गेले असणार, पैज लावतो. बायोसमध्ये ते बंद करता येतं. मदरबोर्डवरचा बटन सेल पण बदला, वीस-तीस रुपयांचा असतो. फायलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर आधी. आणि नवा कर्नल नाही उठला तर चालू होताना शिफ्ट दाबून धरा, नव्या बायोसवर एस्केप, ग्रबमध्ये (कुठला कर्नल चालू करायचा ते विचारणारी यादी) ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ९१ असेल, त्यावर परत या. जुना कर्नल त्यासाठीच ठेवतात.

शाईचं_बोट | शुक्रवार, १४ मार्च, दुपारी १२:२०

आज धुळवड, छापखाना बंद, अख्खी गल्ली मटणाच्या रांगेत, म्हणून आजचाच मुहूर्त धरला. पैज तुम्ही जिंकलात दादा, एफ१ च मागत होता. बायोसमध्ये बदललं, सेल बदलला, परत चालू केलं आणि दीड मिनिटात लॉगिन आलं. युनेम १३० च्या पुढचा आकडा दाखवतोय. अपलोडचं पेज पण उघडलं मोबाइलवरून. ४२४ दिवसांचा अपटाइम गेला आणि आता ‘१६ मिनिटं’ लिहून येतंय, जरा वाईट वाटलं.

अनअटेंडेड पण चालू करून टाकलं. आता मटण.

शाईचं_बोट | शनिवार, १५ मार्च, सकाळी ११:३५

अर्जंट आहे. डीटीपीच्या ताईंचा फोन आला, फोल्डर पूर्ण रिकामं, सहा वर्षांच्या फायली नाहीत. त्या बिचाऱ्या साडेनऊपासून काम करत होत्या, त्यांना वाटलं मीच काहीतरी साफसफाई केली, दोन पत्रिका नव्याने करून त्याच फोल्डरमध्ये सेव्ह पण केल्या. काका समोर उभे आहेत. कर्नलने फायली खाल्ल्या का?

रूटकॅनॉल | सकाळी ११:३९

काही करू नका, काही कॉपी करू नका. फायलींची डिस्क वेगळी आहे का? फाइंडमाउंट मारा (माउंट केलेल्या, म्हणजे फोल्डराला जोडलेल्या डिस्कांची यादी येते), /डेटा दिसतंय का त्यात?

शाईचं_बोट | सकाळी ११:४४

दुसरी २ टीबीची डिस्क आहे आत. फाइंडमाउंटमध्ये ती नाहीच!

रूटकॅनॉल | सकाळी ११:४७

मग फायली जागेवर आहेत, श्वास घ्या, काकांना खुर्ची द्या. पोराने संक्रांतीला डिस्क हाताने माउंट केली असणार आणि एफएसटॅबमध्ये (मशीन उठताना कुठल्या डिस्का जोडायच्या ती यादी) लिहायची राहिली. ४२४ दिवस कुणाला कळलं नाही कारण मशीन कधी उठलंच नाही परत. कर्नलचा यात काही संबंध नाही. लाइट गेली असती तरी हेच झालं असतं.

सांबा थांबवा, डिस्क माउंट करा.

शाईचं_बोट | दुपारी १२:०१

आल्या!! सगळ्या आल्या. पण आता ताईंनी सकाळी केलेल्या दोन पत्रिका दिसत नाहीत. एक उद्या सकाळी द्यायची आहे.

सुपरयूजर_सुलभा | दुपारी १२:०९

त्या खाली झाकल्या गेल्यात. सकाळी डिस्क नव्हती तेव्हा /डेटा हे मुख्य डिस्कवरचं साधं रिकामं फोल्डर होतं, ताईंनी त्यात सेव्ह केलं, आणि आता तुम्ही त्याच्यावर दुसरी डिस्क आणून बसवली. सतरंजीखाली गेलेल्या चिठ्ठीसारखं. सतरंजी न काढता बघायचं तर माउंट मायनस मायनस बाइंड, मग नुसता तिरका दांडा, मग /एमएनटी. आता /एमएनटी/डेटामध्ये बघा.

शाईचं_बोट | दुपारी १२:१६

सापडल्या दोन्ही! कॉपी करून जागेवर ठेवल्या. ताई, पत्रिका छापायची असेल तर तुमच्याकडून कागदाचेच पैसे घेणार.

सुपरयूजर_सुलभा | दुपारी १२:३०

लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली, उशीर केलात. आता ती डिस्क एफएसटॅबमध्ये यूयूआयडीने (डिस्कचा न बदलणारा ओळख नंबर) लिहा, एसडीबी वगैरे नावाने नको, ती नावं बदलतात. नोफेल पण लिहा, म्हणजे कधी डिस्क मेली तर मशीन निदान उठेल तरी. लिहून झालं की माउंट मायनस ए करून लगेच तपासा. आणि आज संध्याकाळी काम संपल्यावर अजून एकदा रीबूट करा, हो, मुद्दाम.

हात_लावू_नका | दुपारी १:१०

मी म्हणालो होतो.

रूटकॅनॉल | दुपारी १:१४

दादा, तुमच्याच सल्ल्याने हात न लावल्यामुळे हे ४२४ दिवस लपलं ना.

हात_लावू_नका | दुपारी १:२५

बरं. आमच्याकडच्या एका मशीनचा अपटाइम मी इथे सांगणार होतो तो आता सांगत नाही.

शाईचं_बोट | बुधवार, १९ मार्च, रात्री ८:१५

शेवटचं. शनिवारी संध्याकाळी रीबूट केला, सगळं आपोआप आलं, डिस्क, सांबा, पेज. ऑडिटवाल्याच्या फॉर्ममध्ये ‘शेवटचे कर्नल अपडेट’पुढे १४ मार्च लिहून पाठवलं. आज त्याचं उत्तर आलं. परत लाल. ‘५.१५ हा २०२१ चा आहे, कालबाह्य, ६.८ वर जा.’

रूटकॅनॉल | रात्री ८:४०

आता चहा पाजा.

त्याला उबंटूच्या सिक्युरिटी नोटिसांची पानं जोडून पाठवा, त्यात २२.०४ साठी कुठल्या शेपटीत कुठली सीव्हीई बुजली ते नंबरासकट असतं, आणि सोबत युनेमचा स्क्रीनशॉट. १०८६ वालं ठळक करा. त्याचं टूल नुसता पहिला आकडा बघतंय, आणि फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलवाले स्वतःच सीव्हीई नंबर देतात, जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीला, त्यामुळे अशा टूलांची यादी आता पंचांगाएवढी निघते. कागदाला कागद द्यायचा.

शाईचं_बोट | रात्री ८:५२

कागद आपल्याकडे कमी नाही. ग्लॉसीवर काढून देतो.